गोव्यात खोली ठरवण्याआधी किनारा ठरवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुटीचे दिवस जवळ आले की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत गोव्यातील हॉटेलांच्या याद्या येतात. एक छायाचित्र, एका रात्रीचे भाडे आणि ‘समुद्र पाच मिनिटांवर’ एवढ्यावर त्या संपतात. वाचक तेवढ्यावरच पैसे भरतो आणि फसगत होते ती बहुधा याच तीन गोष्टींत. छायाचित्र रुंद भिंगाने काढलेले असते, भाड्यात कर धरलेला नसतो आणि पाच मिनिटे चालत की गाडीने हे सांगितलेले नसते. खोली पारखायची कशी हे वाचकांना कळावे, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे हॉटेल पाहण्याआधी किनारा ठरवावा. उत्तरेच्या हरमलपासून दक्षिणेच्या पाळोळेपर्यंत रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. एका टोकाला राहून दुसरे टोक ‘सहज’ पाहून येऊ म्हणणाऱ्यांचा अख्खा दिवस गाडीत जातो. कळंगुट-बागा हा पट्टा गजबजलेला आहे. खाण्यापिण्याची, खरेदीची, पाण्यातील खेळांची सगळी सोय पायी अंतरात मिळते, पण शांतता मिळत नाही. हणजूण-वागातोर भागात रात्री उशिरापर्यंत संगीत चालते. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास बंदी आहे, हा नियम 2000 सालापासूनचा आहे. तरीही तान्हे मूल किंवा हलकी झोप असलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर तिथे खोली घेऊच नये. त्यांच्यासाठी कोलवा किंवा बाणावली बरे. वाळू सपाट आहे, मडगाव सहा-आठ किलोमीटरवर आहे, आणि त्यामुळे डॉक्टर, औषधांचे दुकान, रेल्वे सगळे हाताशी राहते. माजोर्डा, वार्का, केळशी हे किनारे याहून शांत. मात्र तिथे मोठ्या रिसॉर्टच्या बाहेर संध्याकाळी जेवायला पर्याय कमी, त्यामुळे गाडी नसेल तर रिसॉर्टच्याच दरात जेवावे लागते.

पाण्यात उतरायचे असेल तर किनाऱ्याचा स्वभाव पाहावा. पाळोळे चंद्रकोरीसारखे आत वळलेले असल्याने लाटा मवाळ असतात, पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ राहते. लहान मुलांसाठी गोव्यात याहून चांगला किनारा क्वचितच. तिथून जवळच असलेल्या आगोंदचा किनारा दिसायला तितकाच देखणा, पण पाणी लवकर खोल होते आणि ओढही जास्त. बाग्याला नदीच्या मुखापाशी प्रवाह फसवे आहेत. पणजीचे मिरामार मांडवीच्या मुखावर आहे. ते संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी, डुंबण्यासाठी नव्हे. 2008 पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत. हॉटेलासमोरच्या वाळूवर त्यांचा मनोरा आहे का, हे फोनवर विचारायला संकोच करू नये. लाल बावटा असेल तिथे गुडघाभर पाण्यातही मुलांना सोडू नये.

किनारा ठरला की उतरण्याचे ठिकाण आपोआप ठरते. कळंगुट-कांदोळीसाठी थिवी स्थानक, अंतर सुमारे 20 किलोमीटर. पणजीसाठी करमळी, कोलव्यासाठी मडगाव, पाळोळेसाठी काणकोण. मडगावचे तिकीट काढून कळंगुटला खोली घेणाऱ्यांचे टॅक्सीचे भाडे कधी कधी एका रात्रीच्या खोलीइतके होते. विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावरचा संकेत वाचावा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपा 2023 च्या जानेवारीपासून सुरू आहे आणि ते पेडण्यात, अगदी उत्तरेला आहे. स्वस्त मिळाले म्हणून मोप्याचे तिकीट आणि खोली पाळोळेला, असे झाले तर अडीच-तीन तास रस्त्यावर काढावे लागतात. मुंबई-पुण्यात बोट दाबले की टॅक्सी येते, तशी सोय इथे गृहीत धरू नये. कदंबची, म्हणजे राज्य परिवहनाची, बस स्वस्त आहे, पण आतल्या गावांत रात्री आठनंतर ती विरळ होते. दुचाकी भाड्याने घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अडवले जाता ते तुम्ही.

महाराष्ट्रातील कितीतरी कुटुंबांचे कुलदैवत फोंडा परिसरात आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथे देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांसाठी राहण्याच्या खोल्या, आहेत. पहिली रात्र अग्रशाळेत काढून, अभिषेक आटोपून मग किनाऱ्यावर जाणे हा सर्वांत सोपा क्रम. सगळे दिवस एकाच ठिकाणी राहायचे असेल तर पणजी किंवा मडगाव मध्यावर पडते.

आता ‘समुद्रापासून पाच मिनिटे’. नकाशावर हॉटेल आणि पाणी यांच्यातले सरळ अंतर पाहू नये, चालण्याचा मार्ग लावून पाहावा. मध्ये नदी, खाजण (भरतीचे पाणी शिरणारी सखल जमीन) किंवा खाजगी कुंपण असले की दोनशे मीटरचे दोन किलोमीटर होतात. मोरजीच्या वाळूवरून शापोराचा किल्ला समोर दिसतो. जायचे मात्र शिवोलीच्या पुलावरून वळसा घालून. दुसरे असे की, 1991 पासून लागू झालेल्या किनारी नियमनामुळे गोव्याच्या बऱ्याचशा ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत नवे पक्के बांधकाम करता येत नाही. वाळूला लागून ज्या खोल्या दिसतात त्यांतल्या पुष्कळशा हंगामी, म्हणजे बांबू-प्लायवूडच्या झोपड्या असतात. पावसाळ्याआधी त्या उतरवतात आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा उभारतात. त्या वाईट नाहीत, पण शेजारच्या झोपडीतले बोलणे ऐकू येते, एसी नसू शकतो आणि कुलूप नावापुरते असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला झोपडीचे बुकिंग करताना ‘झोपड्या उभ्या राहिल्या आहेत का, आजचा फोटो पाठवा’ असे स्पष्ट सांगावे. ‘सी व्ह्यू’ आणि ‘सी फेसिंग’ हेही एक नव्हे. माडांच्या फटीतून पाण्याची एक रेघ दिसली तरी पहिला शब्द वापरला जातो. खोलीचा मजला आणि क्रमांक लिहून मागावा, आणि त्याच खोलीच्या गॅलरीतून काढलेला फोटो मागावा.

खोलीचा आकार फोटोवरून काढण्याचा एक सोपा उपाय आहे: फरशा मोजाव्यात. हल्ली बहुतेक ठिकाणी दोन फूट बाय दोन फुटांच्या विट्रिफाइड फरशा असतात. लांबीत सहा आणि रुंदीत पाच दिसल्या तर खोली बारा बाय दहा, म्हणजे 120 चौरस फूट. त्यात सहा फुटी डबल बेड ठेवल्यावर जादा गादी टाकली की न्हाणीघराचे दार उघडत नाही. चौघांना निदान 180 चौरस फूट हवेत. नाही तर जादा गादीचे पैसे वाचवून दोन लहान खोल्या शेजारी-शेजारी घ्याव्यात. जादा गादी कोणत्या वयापासून लावतात, पाच की बारा, हे हॉटेलागणिक बदलते. मुलांची वयेच सांगून एकूण आकडा विचारावा.

समुद्राजवळच्या खोलीचे काही दोष हवेमुळेच येतात. खाऱ्या वाऱ्याने एसीच्या बाहेरच्या युनिटची तांब्याची नळी आणि पत्रे गंजतात, वायू हळूहळू गळतो, आणि मशीन चालू असूनही खोली गार होत नाही. ताज्या अभिप्रायांत ‘एसी’ हा एकच शब्द शोधून वाचला तरी कळते. एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत वरच्या मजल्याची, स्लॅबखालची खोली रात्री अकरापर्यंत तापलेली राहते. पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंतींना ओल येते, अंथरुणाला कुबट वास लागतो. म्हणजे उन्हाळ्यात मधला मजला, पावसाळ्यात पहिला किंवा दुसरा. दोन-तीन मजली हॉटेलांत लिफ्ट बऱ्याचदा नसते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हे आधी विचारावे. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा-दिवा, गिझर 15 लिटरचा आहे की 3 लिटरचा, हेही विचारावे; 3 लिटरचा असेल तर लागोपाठ दोघांना बादलीभर गरम पाणी मिळत नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड करू नये. घरगुती निवासांत कधी कधी बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवलेला असतो. हवा खेळती नसेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, आणि आंघोळीला गेलेला माणूस आतच बेशुद्ध पडतो. असा गिझर दिसला तर खोली बदलून घ्यावी, किंवा बाहेर पाणी तापवून मागावे.

पावसाळ्यात भाडी निम्म्यावर येतात आणि हिरवा गोवा खरोखर सुंदर असतो. पण समुद्रात उतरता येत नाही, पाण्यातील खेळ बंद, वाळूवरची उपाहारगृहे उतरवलेली, आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने ताटातला सुरमई-पापलेट बहुधा बर्फातला असतो. त्या दिवसांत किनाऱ्यापेक्षा पणजीत राहणे चांगले. उलट नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चित्रपट महोत्सवामुळे आणि 3 डिसेंबरच्या जुने गोवेच्या फेस्तामुळे (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या उत्सवामुळे) पणजी भरलेली असते. नाताळ ते नववर्ष या काळात भाडे दुप्पट-तिप्पट तर होतेच, शिवाय अनेक रिसॉर्ट 24 आणि 31 डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाची माणशी सक्तीची रक्कम वेगळी लावतात. ती खोलीच्या दरात दिसत नाही. तारखांत ढील असेल तर 5 जानेवारीनंतर यावे.

पैशांचा हिशेब. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आणि त्याहून महाग खोलीवर 18 टक्के आहे. 7,400 ची खोली करासह 7,770 ला पडते. 7,600 ची पडते 8,968 ला. दरातला फरक 200 चा, खिशातला 1,198 चा. ज्या हॉटेलाने आदल्या आर्थिक वर्षात साडेसात हजारांवर खोली दिली असेल, तिथल्या जेवणावरही 5 ऐवजी 18 टक्के लागतात. दरापुढची अक्षरेही वाचावीत: ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही. गोव्यात बाहेर खाण्यातच मजा असल्याने सीपी पुरते; केळशीसारख्या एकाकी ठिकाणी एमएपी परवडते. उपाहारगृहाच्या बिलात आपोआप लावलेला सेवा आकार देणे बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा 2022 चा तसा आदेश आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो कायम केला. काढून टाकायला सांगावे. न ऐकल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.

पैसे भरण्यापूर्वी दोन क्रमांक मागावेत. एक, पर्यटन खात्याकडील नोंदणीचा. गोव्यात 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली हॉटेलच नव्हे, पर्यटकांना भाड्याने देण्याच्या घरगुती खोल्यांनीही नोंदणी करावी लागते. दुसरा, जीएसटीचा 15 अक्षरी क्रमांक. गोव्यातला असेल तर त्याची सुरुवात 30 ने होते (महाराष्ट्राची 27 ने). जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की मालकाचे नाव आणि पत्ता दिसतो. लहान निवासाला जीएसटी क्रमांक नसू शकतो, त्यात गैर काही नाही. मात्र क्रमांक नसताना मालक बिलात जीएसटी लावू शकत नाही. बंगल्याचे सुंदर फोटो, निम्मे भाडे, व्यक्तीच्या नावच्या यूपीआयवर संपूर्ण रक्कम आणि ‘आणखी दोघे रांगेत आहेत’ ही घाई, हे सगळे एकत्र आले की तो बंगला त्या माणसाचा नाही असे समजावे. नकाशावर त्या जागेचा जो फोन दिलेला असेल त्यावर स्वतंत्रपणे विचारावे. पैसे गेलेच तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

संकेतस्थळावरून बुकिंग केले तरी निघण्याच्या दोन दिवस आधी हॉटेलला थेट फोन करून नाव, तारखा, माणसे आणि येण्याची वेळ सांगावी. गर्दीच्या दिवसांत जादा बुकिंग झाले तर ज्याने फोन केलेला नसतो त्यालाच दुसरीकडे पाठवतात. मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्या गाडीने येऊन सकाळी उतरणाऱ्यांना खोली दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान मिळते. तोवर सामान ठेवायला आणि तोंड धुवायला जागा आहे का, हे त्याच फोनवर ठरवून घ्यावे. वंदे भारत दुपारी पोहोचते, त्यामुळे तिने आल्यास हा प्रश्न उरत नाही.

पुढील पुरवणीत प्रत्येक हॉटेलापुढे चालण्याचे अंतर, करासह भाडे, जवळचे रेल्वे स्थानक आणि पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक एवढ्या चार गोष्टी छापाव्यात, ही कळकळीची विनंती. जागा कमी पडली तर छायाचित्र लहान करावे.

आपला,
एक वाचक, मडगाव