आरोळ्यांचे खेळ वेगळे ठेवावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अ‍ॅनिमे म्हणजेच जपानी अ‍ॅनिमेशनच्या चित्रपटाला जमलेले चाहते टाळ्या-शिट्ट्यांनी चित्रपटगृह डोक्यावर घेतात आणि इतरांना चित्रपट धड पाहू देत नाहीत, अशी तक्रार वरचेवर ऐकू येते. ती खोटी नाही. मात्र चाहत्यांना शिस्त लावण्याचा जो उपाय लगोलग सुचवला जातो, तो या गर्दीचे स्वरूप न ओळखता सुचवलेला असतो.

यांतील अनेक चित्रपट चालू मालिकेचा पुढचा भाग असतात. त्यामुळे पडद्यावर धुरातून अंगरख्याचे नुसते टोक दिसले, तरी पात्राचा चेहरा उघड होण्याआधीच निम्मे प्रेक्षक ओरडतात आणि उरलेले चक्रावून इकडेतिकडे पाहतात. ज्यांनी मूळ मंगा (जपानी चित्रकथा) वाचलेली असते, त्यांना आता कोण मरणार हे ठाऊक असते. तरीही ते तोंडातून ब्र काढत नाहीत, उलट त्या क्षणी पडद्याकडे न पाहता शेजारी बसलेल्या मित्राचा चेहरा निरखतात. उपशीर्षकांच्या खेळात तर विनोदाचे वाक्य पात्राने पुरते उच्चारण्याआधीच हशा पिकतो, कारण डोळे कानांच्या पुढे गेलेले असतात. हे सारे घरी एकट्याने पाहताना मिळत नाही आणि माझ्या मते चाहते तिकीट काढतात ते बऱ्याच अंशी याचसाठी.

जपानमधील प्रेक्षक एरवी कमालीचे शांत असतात आणि श्रेयनामावली संपेपर्यंत बहुतेक जण जागचे हलत नाहीत. तरीही तेथे आरोळ्यांसाठी स्वतंत्र खेळ लावले जातात. 2016 सालच्या ‘किंग ऑफ प्रिझम’ या चित्रपटामुळे ही पद्धत विशेष गाजली. प्रेक्षक रंगीत प्रकाशकांड्या हलवत पात्रांना नावाने हाका मारतात आणि प्रेक्षकांनी म्हणायची वाक्येदेखील पडद्यावर उमटतात. ज्याला शांतता हवी, तो नेहमीच्या खेळाला जातो. इतकी साधी सोय इतरत्र का होऊ नये? 2020 मध्ये आलेल्या ‘डीमन स्लेयर’ या अ‍ॅनिमे मालिकेच्या चित्रपटाने महासाथीच्या काळातही एकट्या जपानमध्ये 4,000 कोटींहून अधिक येनची कमाई केली, तेव्हा हा प्रेक्षक किरकोळ आहे असे कोणी म्हणू नये.

चित्रपटगृहांनी आरोळ्यांचा खेळ कोणता, शांततेचा कोणता, तसेच मूळ जपानी संवाद कोठे आणि भाषांतरित आवाज कोठे, हे तिकीट काढतानाच स्पष्ट दाखवावे. श्रेयनामावली सुरू होताच दिवे लावण्याची घाईही थांबवावी. एका सेकंदाला 24 चौकटी सरकणाऱ्या या माध्यमात दोन मुद्रांमधली हालचाल चित्र-चित्र करून भरणाऱ्यांची नावे तेथेच काय ती वाचायला मिळतात, शिवाय कथेचा एखादा धागाही बहुधा त्यानंतर उलगडतो. (दाराशी झाडू घेऊन उभ्या कर्मचाऱ्यांचा यात दोष नाही, दोन खेळांमधला वेळच त्यांना अपुरा दिलेला असतो.)

मोबाइलवर पडद्याचे चित्रण करण्याला मात्र कोणत्याच खेळात मुभा नसावी. आरोळी क्षणात विरते. समोर उंच धरलेला उजळ फोन मागच्या रांगांना अख्ख्या प्रसंगभर खुपत राहतो, आणि तेच चित्रण पुढे पसरून ज्यांनी चित्रपट अजून पाहिलेला नाही त्यांचाही रसभंग करते.

आपला,
एक अ‍ॅनिमेप्रेमी वाचक