बाबा, देवाला जाब विचारा, पण त्याच्याशी बोलणं सोडू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "त्याचं सगळं व्यवस्थित चाललंय गं. मग देव नक्की कुणाच्या बाजूला आहे?" मी गप्प राहिले. अशा प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं म्हणजे तो झटकून टाकणं. तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

मागून आईचा आवाज आला होता, "असं बोलू नये देवाबद्दल." आई, बोलू दे त्यांना. ज्याच्या शब्दावर बाबांनी कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या, त्याच भागीदाराने त्या सह्यांच्या जोरावर सगळा धंदा गिळला आणि वर बाबांनाच हिशेबातली गफलत चिकटवली. आता त्याचे सत्कार होतात, 'दानशूर' म्हणून फोटो छापून येतो. हे बघून ज्याच्या मनात काहीच उसळत नाही त्याची श्रद्धा मोठी, असं मी म्हणणार नाही. बाबांना राग येतो, कारण जगात न्याय असायला हवा असं ते अजून मनापासून मानतात.

महाभारतातलं वनपर्व तुम्हाला माहीत आहे, पण त्यातला एक संवाद मी पुन्हा वाचला तो तुमच्यासाठी. वनवासाचे सुरुवातीचे दिवस आहेत. द्रौपदी युधिष्ठिराला सरळ विचारते की शीलवान माणसं पोटाला महाग झालेली आणि नीच माणसं सुखात लोळणारी, हे बघून माझं डोकं काम करेनासं झालंय. मी त्या विधात्यालाच दोष देते, त्याला ही विषमता दिसत नाही का? आणि पुढे ती जे म्हणते ते वाचताना मला तुम्ही दोघं आठवलात. ती म्हणते, विधाता प्राण्यांशी आई-बापासारखा वागत नाही, कुणा रागावलेल्या परक्या माणसासारखा वागतो. युधिष्ठिर तिला सांगतो की तू बोलतेस सुंदर, पण हे नास्तिकाचं बोलणं आहे. त्यावर ती म्हणते, मी धर्माची निंदा करत नाही, दुःखाने पोळले आहे म्हणून हे बोलते आहे.

व्यासांनी तिचं हे बोलणं गाळलं नाही, आणि तिचा कृष्ण तिला सोडून गेला नाही. चोखोबांनीही विठ्ठलाला "धाव घाली विठू आता, चालू नको मंद" असंच सुनावलं ना? बडवे मारत होते आणि देव सावकाश चालला होता, म्हणून चोखोबांनी त्याला चाल वाढवायला सांगितलं. ज्याच्यावर विश्वासच उरला नाही त्याला कुणी 'लवकर ये' म्हणत नाही. तेव्हा बाबा, रात्री झोप लागत नाही तेव्हा मनातल्या मनात त्या माणसाशी भांडत बसता, ते भांडण देवाशी भांडा. त्याला जे बोलायचं ते बोला. त्या माणसाला तुमचं काही ऐकू जात नाही, देवाला जातं.

युधिष्ठिराने दिलेलं उत्तरही मला तुम्हाला सांगायचं आहे. तो म्हणतो, मी फळाच्या आशेने धर्म आचरत नाही. द्यायला हवं म्हणून देतो, करायला हवं म्हणून करतो. जो धर्माचा व्यापार करतो तो धर्म मानणाऱ्यांतला सगळ्यात हीन. हे मी पूर्वी वाचलं तेव्हा कोरडा उपदेश वाटला होता. आता वाटत नाही, कारण हे मी घरात पाहिलं आहे. धंदा हातातून गेला त्या आठवड्यात बाबांनी एकेका कामगाराला बोलावून घरातल्या पैशातून त्याचा शेवटचा पगार चुकता केला. वही मांडीवर, पेनाचं टोपण तोंडात धरलेलं, नोटा दोनदा मोजायच्या, समोरच्यालाही मोजायला लावायच्या आणि मगच वहीत सही घ्यायची. कायद्याने ती रक्कम धंद्याने द्यायची होती, म्हणजे ज्याने धंदा घेतला त्याने. तुम्ही कुणाला ते बोलूनही दाखवलं नाहीत. या बदल्यात देव आपल्याला काही देईल असा विचार तेव्हा तुमच्या मनात नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मग आज त्याच देवाकडे त्या दिवसाचं देणं बाकी आहे असं कशाला धरायचं? तुम्ही केलंत ते तेव्हाच पुरं झालं होतं.

पण मला माहीत आहे, तुमची तक्रार स्वतःला काही मिळालं नाही याची नाहीच. त्याला का मिळतंय, ही आहे.

याच प्रश्नावर वनपर्वातच पुढे लोमश ऋषी बोलतात. युधिष्ठिर त्यांना विचारतो की माझ्या अंगी काही गुण नाहीत असं मला वाटत नाही, तरी मी असा होरपळतोय, आणि ज्यांच्यात ना गुण ना धर्म ते शत्रू वाढत चाललेत, हे कसं? लोमश त्याला 'तुझ्याच पूर्वजन्मीचं पाप असेल' असं म्हणत नाहीत. (आई, हे मुद्दाम तुझ्यासाठी लिहिते आहे. 'आपलंच काहीतरी मागचं असेल' असं तू अलीकडे फार म्हणतेस. लुबाडणारा मोकळा आणि लुबाडला गेलेला आरोपी, असा न्याय मला मान्य नाही. देवालाही मान्य असेल असं वाटत नाही.) लोमश म्हणतात, अधर्माने माणूस वाढतो, हे खरंच आहे. त्याचं भलं होताना दिसतं, तो शत्रूंना जिंकतो, आणि मग मुळासकट नष्ट होतो.

हा मुळासकटचा भाग लोक टाळ्या वाजवून सांगतात. मला त्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. दैत्यांचं काय झालं ते लोमश पायरीपायरीने सांगतात: अधर्माने आधी दर्प आला, दर्पातून अहंकार, अहंकारातून क्रोध, क्रोधातून निर्लज्जपणा, आणि त्याने त्यांचं शील गेलं. मग क्षमा, लक्ष्मी आणि धर्म त्यांना सोडून गेले. लक्ष्मी जाते ती शेवटी शेवटी, बाबा. तोवर आतलं बरंच काही आधीच गेलेलं असतं, फक्त ते फोटोत दिसत नाही. ज्या माणसाला तुमच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही, जो तुम्हाला समोरून येताना बघून रस्ता बदलतो, त्याचं सगळं व्यवस्थित चाललंय असं तुम्ही म्हणता ते मला पटत नाही. त्याची भरभराट दिसते, त्याची झोप कुणी पाहिली आहे?

तरीही, तो आतून जळतो आहे एवढ्यावर मी तुमची समजूत काढणार नाही. काही माणसं खरोखरच निवांत झोपतात. दुर्योधनाला तर शेवटीही पस्तावा नव्हता. मरताना तो म्हणाला की माझ्याइतकं चांगलं आयुष्य कुणाचं गेलं, आणि त्याच्यावर आकाशातून फुलं पडली. हे व्यासांनीच लिहून ठेवलं आहे. त्याहून वाईट तर पुढे, स्वर्गारोहणपर्वात आहे, जे फारसं कुणी सांगत नाही. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि पहिल्यांदा त्याला दिसतो कोण, तर सूर्यासारखा तळपणारा, सिंहासनावर बसलेला दुर्योधन! भाऊ नाहीत, द्रौपदी नाही. बाबा, तुम्ही ज्या फोटोकडे बघता ना, तोच हा प्रसंग. युधिष्ठिर तोंड फिरवतो, म्हणतो मला याच्याबरोबर राहायचं नाही, माझे भाऊ कुठे आहेत तिथे न्या.

देवदूत त्याला नेतो ते दुर्गंधीच्या, अंधाराच्या वाटेने, नरकात. तो परत फिरणार तेवढ्यात अंधारातून आवाज येतात, थोडा वेळ थांब, तू आहेस तर आम्हाला वारा लागतो. तो विचारतो कोण तुम्ही, आणि एकेक जण नाव सांगतो: कर्ण, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी. आयुष्यभर शांत राहिलेला हा माणूस तेव्हा मात्र देवांनाही दोष देतो आणि धर्मालाही. पण पुढे तो देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच राहणार, माझ्या असण्याने माझ्या माणसांना बरं वाटतंय. थोड्या वेळात तिथे इंद्रासह सगळे देव येतात, स्वतः धर्म येतो, आणि तो अंधार नाहीसा होतो. इंद्र समजावतो की प्रत्येकाच्या गाठीला पुण्यही असतं आणि पापही. ज्याचं पाप जास्त, तो थोडं पुण्य आधी भोगून घेतो. ज्याचं पुण्य जास्त, त्याच्या वाट्याला दुःख आधी येतं.

मला देवाचा वेळ समजला तो एवढाच. आपल्याला दिसतं ते मधलंच एखादं पान. युधिष्ठिरासारख्यालाही स्वर्गाच्या दारात उभं राहून क्रम चुकीचा वाटला, मग आपल्याला वाटला तर त्यात नवल काय! आणि देव तिथे आला तो युधिष्ठिर आपल्या माणसांजवळ थांबला तेव्हा, दुर्योधनाच्या सिंहासनाकडे बघत बसला असता तर त्याला हे काही दिसलं नसतं.

यात एक कडू गोष्ट आहे, ती लपवणार नाही. पांडवांना न्याय मिळाला, पण द्रौपदीची पाचही मुलं गेली ती गेलीच. कोर्टातला आपला दावा उद्या आपल्या बाजूने लागला तरी बाबांची गेलेली वर्षं, आईने काढलेल्या रात्री परत येणार नाहीत. देवाचा न्याय म्हणजे सगळं पूर्ववत होणं, असं मी धरून चालत नाही. लबाडी शेवटी लबाडी म्हणूनच ओळखली जाईल आणि तुमचा खरेपणा वाया जाणार नाही, यावर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे. ते आपल्या डोळ्यांदेखत होईल की नाही, ते मी देवावर सोडलं आहे.

त्या भागीदाराच्या नातवाच्या आजारपणाची बातमी आली तेव्हा काही नातेवाईक म्हणाले, "बघा, देवाने दाखवलं." आई, तू तिथल्या तिथे म्हणालीस, "त्या लेकराचं काय चुकलं?" आणि कुणीच पुढे बोललं नाही. मला तुझा फार अभिमान वाटला. कुणाच्या घरातलं दुखणं मोजून आपण देवाचा न्याय ठरवायला लागलो, तर उद्या आपल्या घरातलं दुखणंही लोक तसंच मोजतील. ज्ञानोबांनी पसायदानात खळांचा नाश मागितला नाही, त्यांचं वाकडेपण जावं असं मागितलं. मला अजून ते त्या माणसासाठी मनापासून मागता येत नाही. पण त्याचं वाईट व्हावं म्हणून देवापुढे हात जोडायचे नाहीत, एवढं मी ठरवलं आहे, आणि तुम्हीही ठरवावं असं मला वाटतं.

आता दाव्याचं. बाबा म्हणाले, "राहू दे ते कोर्ट, देव बघून घेईल." नाही बाबा. देवावर विश्वास आहे म्हणून दावा सोडायचा, हे मला मान्य नाही. युद्ध होणार हे माहीत असूनही कृष्ण शिष्टाईला गेलाच ना? पाच गावं तरी द्या म्हणून पांडवांनी मागून पाहिलंच ना? आपल्या हातात जे सरळ मार्गाने करण्यासारखं आहे ते आपण शेवटपर्यंत करायचं. निकाल काय लागेल याची काळजी मात्र डोक्यावर घेऊन झोपायचं नाही. वकिलांशी मी बोलले आहे. त्यांना मूळ भागीदारीपत्र आणि ती पगाराची वही हवी आहे. पगार तुम्ही स्वतःच्या पैशातून चुकते केलेत, हे त्या सह्यांवरून दाखवता येईल असं ते म्हणाले. साक्षीला तुम्हाला उभं राहावं लागेल. जे झालं तेवढंच सांगायचं. त्या दिवशी मी तुमच्या शेजारी असेन, दादाही येतो म्हणाला आहे.

आणि बाबा, त्याच्या बातम्या कोण आणून देतं तुम्हाला, त्यांना सांगा आता पुरे. आई, पेपर आला की तो पहिल्यांदा तू वाच. वही कपाटात खालच्या खणात, जुन्या बिलांच्या गठ्ठ्याखाली असेल. पानं सुटी झाली असतील तर चिकटवू नका, आहे तशीच पिशवीत घालून ठेवा, मी येऊन नेते.

तब्येतीला जपा. गोळ्या चुकवू नका.

तुमची लाडकी,
लेक