छायाचित्रणाच्या परीक्षेत फसलेले फोटोही मागावेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त भरलेल्या विद्यार्थ्यांच्या एका प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग नुकताच आला. छायाचित्रे देखणी होती. नदीघाटावरच्या एका सुरेख फोटोबद्दल 'याच्या आधीचे चार फोटो दाखव' असे मी एका विद्यार्थिनीला म्हटले, तेव्हा 'सर, ते डिलीट केले' असे उत्तर मिळाले. दोष तिचा नाही. सबमिशनला मागितले जातात ते निवडक दहा फोटो, पेन ड्राइव्हवर.

ऐंशीच्या दशकात मी उपयोजित कलेचा विद्यार्थी असताना छत्तीस फोटोंचा एक कृष्णधवल रोल आम्ही तिघे वाटून घेत असू, प्रत्येकी बारा. (रोलच्या टोकाला कधीकधी सदतिसावा निघे आणि त्यावरून भांडणे होत.) प्रत्येक फोटोचे अ‍ॅपर्चर (भिंगातले उजेड येण्याचे छिद्र किती उघडे), शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येतो) आणि त्या वेळचा उजेड वहीत टिपायचा, रोल धुतल्यावर निगेटिव्हच्या पट्ट्या एकाच कागदावर मांडून कॉन्टॅक्ट शीट काढायची आणि तीच सरांपुढे न्यायची, असा शिरस्ता होता. सर भिंग लावून चांगल्या फोटोवरून नुसती नजर फिरवीत आणि शेजारच्या बिघडलेल्या फोटोवर बोट ठेवून विचारीत, "इथे एक पाऊल पुढे का नाही गेलास?" चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे बसवलेल्या आजोबांचा माझा फोटो असाच फसला होता. भिंत राखाडी, चेहरा काळवंडलेला. उजेड मोजणारा मीटर पांढऱ्या भिंतीलाही मधली करडी छटा समजतो आणि फोटो काळवंडतो, हे मी पुस्तकात वाचले होते. समजले ते त्या शीटवर.

डार्करूम परत आणा, असे माझे म्हणणे नाही. फोटो पक्का करणाऱ्या हायपो या रसायनाच्या वासाने गहिवरून येण्याचे वय माझे आहे, या मुलांचे नव्हे. उलट आमच्या वहीतल्या नोंदी आता डिजिटल कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये आपोआप ठेवतो. त्या उघडून वाचायला मात्र कोणी सांगत नाही. म्हणून अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती आहे की, प्रात्यक्षिकात निवडक छायाचित्रांबरोबर त्याच विषयाचे सलग छत्तीस फोटो, एकही न गाळता, मागवावेत आणि हाच का निवडला व बाकीचे का फसले, या विद्यार्थ्याच्या उत्तराला निम्मे गुण ठेवावेत. कॅमेरा फाइलींना ओळीने क्रमांक देत असल्यामुळे मधला एखादा गाळला, तर ते सहज लक्षात येते.

केवळ मोबाइलवर हा विषय उरकण्याची सवलतही बंद व्हावी. बहुतेक मोबाइलमध्ये अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही आणि 'पोर्ट्रेट'मधली धूसर पार्श्वभूमी बऱ्याच अंशी सॉफ्टवेअरची करामत असते. विभागात चार-पाच जुने कॅमेरे असले, तरी आळीपाळीने काम भागते. आमचे एका रोलवर भागतच होते.

मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग १८५५ मध्ये, म्हणजे दागेर या फ्रेंच संशोधकाची छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाल्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, सुरू झाला होता. इतक्या जुन्या विषयाची परीक्षा आज पेन ड्राइव्हवरच्या दहा फोटोंवर आटोपावी, हे मला पटत नाही. त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या वेळी कार्ड रिकामे न करता यायला सांगितले आहे.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, मिरज