ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं?

महोदय,

चिखलदऱ्याचा घाट उतरलेल्या गाड्या परतवाड्यात माझ्या गॅरेजवर येतात. तक्रार ठरलेली: ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं. गिऱ्हाईक बहुधा अलाइनमेंटचे पैसे आधीच घालवून आलेलं असतं. ब्रेक न दाबताही ८०-९० च्या वेगात थरथर असेल, तर व्हील बॅलन्सिंग पाहा. फक्त ब्रेकवर असेल, तर पुढच्या ब्रेक डिस्क पाहा, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या, ब्रेक पॅड पकडतात त्या चकत्या. मी डिस्कला डायल गेज (बारीक डगमग मोजणारं काट्याचं मीटर) लावून चाक हातानं फिरवतो, काटा नाचताना गिऱ्हाइकालाच दाखवतो. डिस्कची डगमग मिलिमीटरचा दहावा भाग असली, तरी पुष्कळ होते. नवी डिस्क टाकताना हबवरचा (डिस्क जिथं बसते त्या भागावरचा) गंज घासला नाही, तर तीही वाकडीच फिरणार. आणि घाटात गाडी न्यूट्रलवर सोडू नका राजेहो, खालचा गिअर टाका.

– एक गॅरेजवाला, परतवाडा (जि. अमरावती)