मुरारच्या शिबिराहून आल्यावर मित्रास पत्र

लष्कर, ग्वाल्हेर
जूनमधला दुसरा रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो उन्हामुळे नव्हे, पंचेचाळीस अंशांची आम्हांला सवय आहे. ‘बायकोशी बोलायला पाळक कशाला लागतो?’ हा तुझा प्रश्न मला बोचला होता, आणि आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी कोच आणि त्यांच्या जोडीदारांसाठी ठेवलेले शिबिर पार पडेपर्यंत त्याला उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला नाही असे वाटत होते. आता शिबिर झाले. तेव्हा आपल्या वसतिगृहातल्या रात्रींसारखे सविस्तर लिहितो. तूही तसेच सावकाश वाच.

अशी शिबिरे आमच्या चर्चच्या मंडळीला नवी असली, तरी ख्रिस्ती जगाला नवी नाहीत. अमेरिकेत डॉन मॅक्लानेन नावाच्या बास्केटबॉलच्या एका तरुण कोचने १९५४ साली ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन अ‍ॅथलीट्स’ ही संस्था काढली आणि १९५६ साली कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कला तिचे पहिले उन्हाळी शिबिर भरले. पुढे खेळाडूंबरोबर कोच, आणि कोचबरोबर त्यांचे जोडीदार, अशीही शिबिरे निघाली. तिथल्या शाळांतल्या फुटबॉलच्या कोचची शुक्रवारची रात्र हंगामभर सामन्यात जाते, पण तो हंगाम कधीतरी संपतो आणि मग दोन-तीन दिवस काढता येतात. आपल्याकडे संपतो तो फक्त करार. शालेय स्पर्धा, सब-ज्युनिअर, ज्युनिअर, निवड चाचण्या, मध्येच एखादा कॅम्प, आणि अकरा महिन्यांनी कागद पुन्हा साहेबांच्या टेबलावर जातो, तेव्हा पदके किती आली एवढेच विचारले जाते. या चक्रात बायकोसाठी दोन दिवस मागणाऱ्या कोचकडे लोक कसे पाहतात, हे तुला सांगायला नको.

शिबिर मुरारमधल्या एका मिशनशाळेच्या वसतिगृहात होते. सुटीमुळे खोल्या रिकाम्या होत्या, लोखंडी खाटा होत्या आणि कूलर असा घरघरत होता की शेजारच्या खोलीतले भांडण ऐकू येण्याची भीती नव्हती. आम्ही पाच जोडपी होतो. त्यांतल्या एका जोडप्यात बायको ज्युदोची कोच आणि नवरा बँकेत, हे मुद्दाम सांगतो, कारण शुक्रवारी रात्री त्या गृहस्थांनी जे सांगितले ते ऐकून आम्हां चौघा पुरुषांच्या माना खाली गेल्या. जेवण झाकून ठेवणे, रात्री अकराला येणारे पालकांचे फोन, दौऱ्यावरून घरी आलेले माणूस दोन दिवस मनाने तिकडेच असणे, ही सगळी गाऱ्हाणी आमच्या बायकांचीच होती, फक्त पुरुषाच्या आवाजात. मी आजवर समजत होतो की हा पुरुषांचा हट्टीपणा आहे आणि वयानुसार तो उतरेल. त्या रात्री कळले की यात मोठा वाटा धंद्याचा आहे आणि तो वयानुसार वाढत जाणार आहे.

शिबिराची मुख्य रीत पाळकसाहेबांनी कॅथलिकांकडून घेतलेली आहे आणि तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितलेही. स्पेनमधले फादर गाब्रिएल काल्व्हो यांनी १९६२ साली बार्सिलोनात जोडप्यांसाठी ‘मॅरेज एन्काउंटर’चे पहिले शिबिर घेतले. त्यात एक विषय दिला जातो, नवरा-बायको वेगवेगळे बसून दहा मिनिटे एकमेकांना पत्र लिहितात, वह्या बदलतात आणि मग आपल्या खोलीत दहा मिनिटे त्यावर बोलतात. चारचौघांत काहीही उघड करायचे नसते. तुला जी धास्ती होती, की तिथे सगळ्यांसमोर रडायला लावतात, ती निराधार आहे.

माझे पहिले पत्र कसे होते ऐक. विषय होता, ‘या वर्षात मला तुझ्याविषयी काय वाटले?’ मी दहा मिनिटांत सहा मुद्दे लिहिले, त्यांना क्रमांक दिले, आणि चौथ्या मुद्द्याखाली ‘सुधारणा आवश्यक’ असे लिहून रेघ मारली. ही ते वाचून हसली नाही की चिडलीही नाही. तिने वही परत देत एवढेच विचारले, ‘मी पुढच्या सामन्यात आहे की राखीव?’

शनिवारी मी आणखी एक घोळ घातला. आमचे मैदान तिथून स्कूटरने वीस मिनिटांवर. पहाटे पाचला माझी झोप उघडली आणि हॉकी संघातल्या मुलींना सहायकाच्या हवाली करून आलो आहे, तर पेनल्टी कॉर्नरचा सराव नीट चालला आहे का एवढे पाहून प्रार्थनेच्या आत परत येऊ, असा विचार करून मी हळूच निघालो. टर्फवर नुकतेच पाणी मारले होते. परतायला सव्वासात झाले, प्रार्थना होऊन गेली होती आणि ही व्हरांड्यात चहाचा पेला धरून उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले नाही, बुटांकडे पाहिले. दुपारच्या पत्रात तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘सकाळी तुमचे ओले बूट पाहिले. मला राग आला नाही, याचेच मला वाईट वाटले.’ बोलायला दहा मिनिटे दिलेली होती. आम्ही जेवणाच्या घंटेपर्यंत त्या खोलीत होतो, आणि त्यातले काही इथे लिहिणार नाही.

प्रवचने सगळीच मला रुचली असे नाही. संसार म्हणजे संघ आणि नवरा कर्णधार, हा दृष्टांत पाहुण्या वक्त्यांनी इतका ताणला की अ‍ॅथलेटिक्सच्या कोचच्या पत्नी उभ्या राहून म्हणाल्या, ‘आमच्या घरी संघ आधीच आहे, वीस मुलांचा, आणि त्यात मला जागा नाही.’ पाळकसाहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढून दाखवला, की पत्नींनी अधीन असावे या वचनाच्या आधीच्याच वचनात सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे म्हटले आहे, आणि ते गाळून पुढचे वाचणे हा वाचणाऱ्याचा दोष आहे. मला हे पटले. आमच्या वडिलांच्या पिढीत ते आधीचे वचन फारसे कुणी मोठ्याने वाचत नसे.

पण सगळ्यांत खोल गेले ते करिंथकरांस पहिले पत्र. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, म्हणून हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने नवव्या अध्यायात धावणाऱ्यांचा आणि मुष्टियोद्ध्यांचा दाखला दिला आहे. तो आम्हां कोच लोकांना तोंडपाठ असतो आणि आम्ही तो खेळाडूंना ऐकवत असतो. पाळकसाहेब म्हणाले, तेवढ्यावर थांबू नका, आणखी चार अध्याय पुढे जा. तिथे प्रीतीविषयी जे लिहिले आहे त्यात एक गोष्ट अशी आहे, की प्रीती अपकारांचा हिशेब ठेवत नाही. मग त्यांनी विचारले, तुमच्यापैकी डायरी कोण ठेवतो? पाचही कोचचे हात वर गेले. अरे, आपला धंदा दुसरे काय आहे? कुणाचा स्टॉप सुटला, कोण मागे धावले नाही, कोण तिसऱ्यांदा तीच चूक करते आहे, हे टिपून ठेवण्याचेच आपल्याला पैसे मिळतात. तुलाही पतियाळाच्या कोचिंगच्या डिप्लोमात हेच घोटून शिकवले आणि मलाही. ती नजर मैदानाच्या फाटकाशी काढून ठेवता येत नाही. भाजीत मीठ कमी पडले तरी मी ते चाचणीच्या निकालासारखे सांगत असे, आणि मला वाटे की मी फक्त माहिती देतो आहे. तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. बोलायला पाळक लागत नाही. पण आपण जे बोलतो ते बोलणे नसून शेरे आहेत, हे कुणीतरी तिसऱ्याने, बायको समोर बसलेली असताना, दाखवावे लागते.

जॉन वुडनची गोष्ट तिथे निघणारच होती. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला १९६४ ते १९७५ मध्ये दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारा हा श्रद्धाळू माणूस सामना सुरू होण्याआधी प्रेक्षकांत बसलेल्या पत्नीकडे एकदा पाहून घेत असे, आणि २१ मार्च १९८५ रोजी ती वारल्यावर दर महिन्याच्या एकवीस तारखेला तिला पत्र लिहीत असे. आम्ही पुरुष गलबललो. ही मात्र माझ्या कानाशी म्हणाली, ‘पत्रे आधी लिहिली असती तर त्या बाईंना वाचता आली असती.’ वुडनने आधीही लिहिली असतील, असे मी म्हणून पाहिले. त्यावर तिने माझ्याकडे जे पाहिले, त्याने मी गप्प झालो.

आता कामाचे. दिवाळीनंतर पुढचे शिबिर घ्यायचे आहे, आणि तारखा या वेळी बायका ठरवणार आहेत; आमच्या हातात पंचांग दिले की त्यात निवड चाचणी निघते. तू आणि वहिनींनी यावे. तिथे प्रार्थना होईल, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने होतील, पवित्र शास्त्र वाचले जाईल, हे आधीच सांगतो. ते लपवून तुला बोलावणे मला बरे वाटणार नाही. प्रार्थनेच्या वेळी तुम्ही दोघे बाहेर कडुनिंबाखाली बसलात तरी कुणी काही म्हणणार नाही. पाळकसाहेबांना मी विचारून ठेवले आहे. मिरजेला गोवा एक्सप्रेसमध्ये बसलात की थेट ग्वाल्हेरला उतराल. येताना सांगलीचा भडंग आण. इथल्या पोह्यांच्या चिवड्याला ती चव नाही. आपल्या कॉलेजच्या मैदानावरही एक चक्कर मारू, पण चौघे मिळून, आणि संध्याकाळी, सरावाची वेळ टळल्यावर.

सोबत एक बंद पाकीट आहे. ते हिने वहिनींना लिहिले आहे. त्यात काय आहे ते मला दाखवलेले नाही. तूही उघडू नकोस, तसेच त्यांच्या हाती दे.

तुझा,
ग्वाल्हेरकर मित्र