फिरत्या अष्टफलकाला संगणक कक्षात जागा द्यावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली तयार केलेला, बाजू फिरवून रंग जुळवण्याचा घन आता आपल्या बाजारातही सहज मिळतो; परंतु ज्याच्या आठही त्रिकोणी बाजू १२० अंशांत फिरतात, तो तशाच खेळाचा अष्टफलक मला जळगावच्या दुकानांतही मिळाला नाही. म्हणून यंदा मी त्याची संगणकावरील प्रतिकृतीच मुलांपुढे ठेवली.

प्रत्येक बाजूवर नऊ, असे एकूण ७२ लहान त्रिकोण. पडद्यावर आकृती माउसने हवी तशी वळवता येते आणि चुकलेली चाल एका कळीने मागे घेता येते. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण चुकण्याची भीती गेली की मूल स्वतःहून प्रयोग करू लागते. केळी पिकवणाऱ्या घरातली आठवीची एक मुलगी अर्धा तास एकाच पिवळ्या त्रिकोणाच्या मागे होती. बाजूवर उलट्या बसलेल्या तीन त्रिकोणांपैकी तो एक. वहीत चाली मांडून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, काहीही केलं तरी हा चारच बाजूंवर फिरतो, उरलेल्या चारवर येतच नाही." हे अगदी खरे आहे: असे २४ त्रिकोण बारा-बारांच्या दोन गटांत विभागलेले असतात आणि ते गट कधीही मिसळत नाहीत. हा नियम मी तिला सांगितलेला नव्हता.

आमच्याकडे संगणकाचा तास आठवड्यातून एकदाच येतो आणि तोही बहुतेक टंकलेखनातच संपतो. खानदेशातील शाळांनी त्यातला थोडा वेळ अशा प्रतिकृतींना द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका, चोपडा (जि. जळगाव)