बारा वाजून चार मिनिटं

मळ्यातलं घर, पलूस
९ जानेवारी

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर "सापडला एकदाचा" एवढंच बोलून ठेवला, कारण तू बसमध्ये उभा होतास आणि ही गोष्ट उभ्याउभ्या सांगण्यातली नाही. आधी तुला वाईट वाटेल ते सांगून टाकतो: माझा कॉम्प्युटर रात्री आपोआप बंद पडायचा, त्यातला चोर एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, नव्हता.

सुरुवात तुला माहीत आहे. दिवाळीनंतर आप्पांच्या भजनाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला लागलो. एकेका बाजूची फाइल ही एवढी मोठी, आणि मळ्यातलं नेट कसं आहे ते तू भोगलंयस. म्हणून रात्री अपलोडला लावून झोपायचो. सकाळी बघावं तर डबा गार. रोज बंद पडला असता तरी चाललं असतं रे, पण हा चार रात्री पडायचा आणि मग तीन रात्री शहाण्यासारखा चालायचा.

तुला विचारायच्या आधीच मी माझी सगळी विद्या वापरली होती. पंख्यातली धूळ उडवली, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, रॅम काढून खोडरबरने घासली. मग तुझा सल्ला. सांगलीला जाऊन अठराशेचा नवा एसएमपीएस आणला. बसवला आणि तीन रात्री यंत्र ठणठणीत! मी तुला नमस्काराच्या हातांसकट मेसेज पाठवला होता, आठवतो ना? तो मागे घेतो. चौथ्या रात्री पुन्हा तेच.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज सगळं लिहून ठेवतं, आपणच वाचत नाही. सिस्टिमच्या लॉगमध्ये लाल खुणेची ४१ नंबरची नोंद, 'कर्नल पॉवर'. तिची वेळ मात्र सकाळी ६.४०. मी चक्रावलो. ६.४० ला तर मी स्वतः बटण दाबलं होतं! दोन दिवस त्याच वेळेच्या मागे लागलो. नंतर डोक्यात उजेड पडला: मेलेलं यंत्र मेल्याची नोंद कशी करणार? ४१ लिहिली जाते ती पुन्हा चालू झाल्यावर. खरी वेळ तिच्या जवळच्या ६००८ नंबरच्या नोंदीत असते, आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं आणि ते अमुक वाजता झालं, अशी. तिथे होतं १२.०४. आदल्या रात्री १२.०५. त्याच्या आदल्या रात्री पुन्हा १२.०४. आणि ४१ च्या तपशिलात बगचेक कोड शून्य, म्हणजे निळा पडदा वगैरे काही नाही, सरळ वीजच तुटलेली.

एका रात्री मात्र ३ वाजता १०७४ ची नोंद होती. ते अपडेटनं स्वतःहून रीस्टार्ट केलेलं, म्हणजे चोर दोन होते. दुसऱ्याचा बंदोबस्त ॲक्टिव्ह अवर्स, म्हणजे विंडोजनं स्वतःहून रीस्टार्ट करायचं नाही ते तास, बदलून केला, तो विषय तिथेच संपला.

पण बारा वाजून चार मिनिटं? मी ही वेळ जेवताना मोठ्याने म्हणालो. धाकटा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "दादा, बाराला थ्री फेज येती की. ह्या आठवड्यात रात्रीची लाइट सोमवारपासनं." शेतातल्या मोटरींना लागणारी ही थ्री फेज लाइट आमच्या फीडरला, म्हणजे या भागाच्या वीजवाहिनीला, चार दिवस रात्रीची, तीन दिवस दिवसाची. चार आणि तीन, लेका! महिनाभर माझ्या नाकासमोर होतं. दिवसाच्या पाळीत लाइट येते तेव्हा मी शाळेत असतो आणि कॉम्प्युटर बंद, म्हणून दिवसा कधी कळलंच नाही.

त्या रात्री दोघं मल्टिमीटर घेऊन बसलो. पावणेबाराला २२८ व्होल्ट. बारा वाजता सिंगल फेजवरून थ्री फेजवर टाकताना बल्बनं डोळा मिचकावला. पाठोपाठ डीपीवरच्या, म्हणजे आमच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी उठल्या. रात्री थंडीत कोण जाणार, म्हणून सगळ्यांनी लाइट येताच मोटर आपोआप सुरू करणारे ऑटो लावून ठेवलेत, त्यामुळे पाच-पाच एचपीच्या मोटरी बरोबरच दम घेतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मीटर १६५ वर आलं. त्या गडबडीतच यूपीएसमध्ये, म्हणजे लाइट गेली की कॉम्प्युटरला बॅटरीवर सांभाळणाऱ्या डब्यात, 'टक्' झालं आणि स्क्रीन काळी.

यूपीएस! ज्याला मी कधी हातच लावला नाही, कारण हिरवा दिवा जळत होता. दुसऱ्या दिवशी त्याला टेबललॅम्प जोडून प्लग उपटला. लॅम्प तत्क्षणी गेला. उघडलं तर आतली १२ व्होल्टची बॅटरी पोट फुगवून बसलेली, बाहेर निघेना. पाच वर्षं झाली होती तिला, असली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. लाइट असेपर्यंत तो डबा नुसता वायरचं काम करत होता. एसएमपीएस बिचारा सेकंदाच्या पन्नासाव्या भागापर्यंत कसाबसा तग धरतो, मग तुझा असो की माझा. नवी बॅटरी हजाराच्या आत आली. धाकट्यानं वायर जोडताना लाल-काळी तीनदा बघायला लावली.

आता आठ रात्री झाल्या, त्यात चार रात्रीच्या लाइटच्या. काल बाराला मुद्दाम जागा राहिलो. टक् झालं, यूपीएस दोनदा बोंबलला आणि अपलोडची पट्टी सरकत राहिली.

तेवीस कॅसेटी झाल्या. सतराव्या कॅसेटमध्ये अभंग रंगात आलाय आणि कुणीतरी ओरडतं, "लाइट गेली!" टेप सेलवर होता म्हणून पुढचंही सगळं आलंय. पखवाज थांबत नाही, आई कंदील मागते, आणि एक पोरगं अंधारात खिदळतं. ते तू आहेस, असं आई म्हणते. मला तो मीच वाटतो. फाइल पाठवतोय, हेडफोन लावून ऐक आणि कळव.

जुना एसएमपीएस पुसून खोक्यात ठेवलाय, तुझ्या पुतण्याला हवा होता ना? अठराशेचं मात्र आपण हुर्डा खाताना बघू.

तुझा,
मास्तर